मुलींना लस मिळेल, त्यांच्या आयांच्या तपासणीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवण्यासाठी मुलींना द्यायच्या एचपीव्ही लसीबद्दल आपल्या दैनिकात बरीच पत्रं येत आहेत. लस द्यावी की नको, कोणत्या वयाला द्यावी, पुढं मूल व्हायला अडचण तर येणार नाही ना, असा त्यांचा रोख आहे. मी आरोग्य खात्यातून आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी धाराशिव जिल्ह्यातली उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं यांत गेली. त्यामुळं आधी हे स्पष्ट सांगते की लस जरूर द्यावी. मूल होण्या न होण्याशी तिचा काही संबंध नाही. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटनं केलेली सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस २०२३ मध्ये बाजारात आली. सिक्कीमनं तर त्याच्या आधीच, २०१८ मध्ये, शाळेतल्या मुलींना एचपीव्हीची लस दिली होती. ज्यांच्या घरी नऊ ते चौदा वर्षांची मुलगी आहे त्यांनी वेळ घालवू नये.

पण हे पत्र त्या मुलींच्या आयांसाठी आणि आज्यांसाठी आहे. त्यांच्याविषयी एकाही पत्रात ओळ नाही.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, म्हणजे आपल्याकडच्या बायकांच्या बोलण्यातला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’, एचपीव्ही या विषाणूमुळं होतो. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षं जातात. लस विषाणूला आत येण्याआधी अडवते, आत बसलेल्याला बाहेर काढत नाही. आज चौदा वर्षांच्या मुलीला दिलेल्या लसीचं फळ ती पस्तिशी-चाळिशीत गेल्यावर दिसेल. तिची आई मात्र आजच पस्तीस-चाळीसची आहे. तिच्यासाठी लसीचा काळ निघून गेलेला असतो आणि तिला वाचवायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तपासणी. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त त्यानं दगावतात. आणि तपासणी? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं होतं, ही तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के, म्हणजे शंभरात दोघीसुद्धा नाहीत.

हे धाराशिव जिल्ह्यातून लिहिताना मला जास्त लागतं, आणि त्याला कारण आहे. ही तपासणी जीव वाचवते याचा जगातला एक मोठा पुरावा ह्याच जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेला आहे. आजच्या पिढीला, आणि माझ्यानंतर नोकरीत आलेल्या कित्येक सिस्टरांनासुद्धा, हे ठाऊक नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथं १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते. खेड्यातली माणसं दवाखान्यात न जाता घरीच दगावत होती, त्यामुळं कॅन्सर किती आणि कुणाला याचा हिशोब दवाखान्याच्या कागदांवरून लागत नव्हता. नोंदवहीची माणसं गावागावांत जाऊन हा हिशोब जमवत. त्यातून समोर आलं की आपल्या भागातल्या बायकांमध्ये पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर फार आहे, आणि त्या येतात त्याच मुळी शेवटच्या टप्प्यावर.

पुढं १९९९ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं हे हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात घेतल्या. गावांचे ५२ गट केले आणि सोडतीनं त्यांचे चार भाग पाडले. एका भागातल्या बायकांची एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या भागात नुसती माहिती, तपासणी नाही. ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्यावर उपचार झाले. मग आठ वर्षं चारही भागांत कोणाला कॅन्सर झाला आणि त्यानं कोण गेलं, हे मोजलं गेलं.

माझ्याकडच्या काही गावांत ते पथक येत असे. आमच्यासारख्या नर्सबाईंचं काम बायकांना समजावून आणायचं. ‘मला काही होत नाही, मग मी कशाला येऊ?’ हा पहिला प्रश्न असायचा. काही होत नाही तेव्हाच यायचं असतं, ही गोष्ट गळी उतरवणं लसीकरणापेक्षाही अवघड होतं. सासूनं होकार दिला की वाड्यातल्या साऱ्या सुना यायच्या. नमुने बार्शीच्या प्रयोगशाळेत जायचे.

निकाल एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या भागात ३१,४८८ बायका होत्या, त्यांतल्या ६४ ह्या कॅन्सरनं गेल्या. एचपीव्हीची चाचणी झालेल्या भागात ३४,१२६ होत्या, त्यांतल्या ३४ गेल्या. चाचणी झाली होती फक्त एकदा. आयुष्यात एकदा झालेल्या चाचणीनं मरणारांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पॅप स्मिअर आणि ॲसेटिक ॲसिड यांनी एका फेरीत मृत्यूंत असा ठळक फरक दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं वेगळा अभ्यास केला होता. तिथं डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी ॲसेटिक ॲसिडची तपासणी करत. चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ॲसेटिक ॲसिड कुचकामी आहे असं मुळीच नाही, पण ते पुन्हा पुन्हा आणि सरावलेल्या डोळ्यांनी व्हावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की जमेल तिथं एचपीव्हीचीच चाचणी आधी करा, वयाच्या तिशीनंतर पाच ते दहा वर्षांनी एकदा. ह्या सल्ल्यामागं जे पुरावे आहेत त्यांत आपल्या बायकांचा वाटा मोठा आहे. त्या चौथ्या भागातल्या बायकांचाही आहे, ज्यांची तपासणी झाली नाही आणि ज्यांचे मृत्यू मोजून जगाला फरक कळला. त्यांच्या बाबतीत हे योग्य होतं का, यावर पुढं बराच वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. माझं म्हणणं असं आहे की त्या ६४ जणींच्या लेकी-सुना आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि त्यांचा ह्या तपासणीवर पहिला हक्क आहे.

आज काय स्थिती आहे? कागदावर योजना आहे. २०१६ पासून तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, असं पाच गोष्टींसाठी तपासणं ठरलेलं आहे. आशाताई घरोघर जाऊन अर्ज भरतात. वय, तंबाखू, कंबरेचा घेर यांचे गुण मांडतात. रक्तदाब आणि साखर तपासली जाते, आणि त्याचा खरोखर फायदा झाला आहे, हे मी पाहिलेलं आहे. शेवटच्या रकान्याशी आलं की गाडी अडते. तिथं ‘नकार’ लिहिलेलं असतं.

बाईनं नकार दिलेला नसतो. तिला नीट विचारलेलंच नसतं, कारण ती हो म्हणाली तर कुठं तपासायचं? ह्या तपासणीला लागतं तरी काय? एक टेबल, एक पडदा, चांगला उजेड, उकळून निर्जंतुक केलेले स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून योनिमार्ग उघडून धरायचं साधन), कापूस आणि त्याच दिवशी पाण्यात मिसळून केलेलं पाच टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड. बोळ्यानं ते पिशवीच्या तोंडाला लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि बघायचं. दोष असेल तिथं दाट पांढरा डाग उमटतो. थोडं चुरचुरतं, बाकी काही नाही. पण कितीतरी उपकेंद्रांत पडद्याची दोरी तुटलेली, टेबलावर कागदांचे गठ्ठे, आणि स्पेक्युलम बाळंतपणाच्या पेटीतून उसने आणायचे, अशी गत आहे. शिकवलेल्या सिस्टरची बदली झाली की तिच्याबरोबर ते कसबही जातं. पाळी गेलेल्या बाईत ज्या जागेवर नजर ठेवायची ती आत ओढली जाते, त्यामुळं पन्नाशीपुढच्या बायकांना ही पाहणी नीट लागूही पडत नाही. एचपीव्हीच्या चाचणीला ही अडचण येत नाही. तिचा नमुना बाई पडद्याआड जाऊन ब्रशनं स्वतःचा स्वतः घेऊ शकते. पुरुष डॉक्टर आहे म्हणून परत जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी याहून चांगली सोय मला दिसत नाही.

यंत्र कुठून आणायचं, असं विचारलं जाईल. यंत्र बऱ्याच ठिकाणी आलेलं आहे. क्षयरोगाच्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयांत आणि काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ट्रूनॅट बसवलेली आहेत. गोव्याची मोलबायो कंपनी ती करते. त्याच यंत्रावर वेगळी चिप घालून एचपीव्ही तपासता येतो. एका वेळी मोजकेच नमुने होतात हे खरं, पण इथं घाई कुठं आहे? नमुना आज घ्यावा, निकाल आठवड्यानं आशाताईबरोबर पाठवावा. खर्च आहे तो चिपचा. तो जिल्हा परिषदेनं आणि राज्यानं करावा.

आता वेळेबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथं होते. तपासणीची शिबिरं होतात आठ मार्चला, महिला दिनाला. मांडव, पाहुणे, फोटो सगळं होतं. त्या दिवशी आमच्या वाड्या-तांड्यांवर बायका असतात कुठं? ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्याच्या सुमाराला निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परत येतात. आठ मार्चला कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, कोल्हापूरकडं, सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात फडात असतो. शिबिराला येतात त्या गावात राहणाऱ्या, थोड्या बऱ्या स्थितीतल्या बायका. ज्यांची लग्नं लवकर झाली, बाळंतपणं जास्त झाली, ज्यांना न्हाणीघराचा आडोसाही मिळत नाही, त्या नेमक्या राहून जातात. पोळा ते नवरात्र हा काळ ह्या तपासणीचा आहे. टोळी अजून घरी असते, रान ओलं असल्यानं कामाचा रेटाही थोडा कमी असतो. एवढी एक गोष्ट बदलायला पैसासुद्धा लागत नाही.

ह्याच बायकांबाबत आणखी एक बोललं पाहिजे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यावर तेव्हा बरंच छापून आलं. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीचीच कटकट नको, हे कारण होतंच. पण आमच्यासमोर बसून बायका दुसरं कारण सांगायच्या. अंगावरून पांढरं जातंय म्हणून खाजगी दवाखान्यात गेलं, सोनोग्राफी झाली, आणि ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन शस्त्रक्रिया केली. तिशीतल्या बाया होत्या. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गानं असतं, गोळ्यांनी बरं होतं. कॅन्सरची भीती घालून पिशवी काढली गेली, आणि कॅन्सरची शंका फेडणारी चाचणी त्यांतल्या किती जणींची झाली असेल? चाचणी निर्धोक आली असती तर तो कागद हातात धरून बाई म्हणाली असती, मला शस्त्रक्रिया करायची नाही. ही तपासणी जीव वाचवते आणि नको असलेल्या कात्रीपासूनही वाचवते.

तपासणीला बायका यायच्या कुठून, असं विचारणाऱ्यांना मी अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवशी येऊन बसायला सांगते. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली प्रत्येक बाई आई नसते. सून रानात गेलेली असते आणि नातवाला टोचायला सासू आणते. आमच्याकडं अठराव्या वर्षी लग्न झालेली बाई चाळिशीतच आजी होते. म्हणजे जिची तपासणी व्हायला हवी ती बाई दर महिन्याला स्वतःच्या पायानं आमच्याकडं येऊन, डोस झाल्यावर अर्धा तास थांबून जाते. नातवाच्या कार्डावर बीसीजीपासून गोवर-रुबेलापर्यंत सगळ्या तारखा लिहिलेल्या असतात. तिच्या स्वतःच्या नावाचं कार्ड शेवटचं निघालं ते गरोदरपणात, धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी. तो अर्धा तास तिच्यासाठी वापरा. त्याच कार्डाच्या पाठीमागं आजीचा रक्तदाब, साखर आणि एचपीव्ही नमुन्याची तारीख लिहा. मुलाचं कार्ड घरात पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतात, ते हरवत नाही.

निकाल कसा सांगायचा, यातही फार काळजी हवी. एचपीव्ही सापडला म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांना कधी ना कधी होऊन जातो. दहातल्या साधारण नऊ जणींच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. नवरा निर्व्यसनी, बाई सरळ, तरीही निकाल सापडल्याचा येऊ शकतो. हे निकालाआधी समजावलं नाही तर घरं मोडतील. आणि कृपा करून हा निकाल मोबाईलवर संदेश म्हणून पाठवू नका. नोंदणीला दिलेला नंबर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा असतो. तो वाचून घरी काय होईल, हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कळणार नाही. सिस्टरनं समोर बसवून, एकटीला सांगावं.

आणि सापडल्यावर तिला शहराच्या फेऱ्या घालायला लावू नयेत. एक फेरी म्हणजे एक रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, बरोबर माणूस लागतं. दुसऱ्या फेरीला निम्म्या येतात, तिसरीला कोणीच नाही. सुरुवातीचा दोष जाळायला आता बॅटरीवर चालणारं, हातात धरता येणारं उपकरण मिळतं. त्याच्या तापलेल्या टोकानं मिनिटाभरात काम होतं, भूल लागत नाही. ते ग्रामीण रुग्णालयात असावं, आणि शक्यतो तपासल्या दिवशीच उपचार व्हावा. ज्यांना पुढच्या तपासणीची गरज आहे त्यांना रुग्णवाहिकेनं एकत्र नेऊन आणावं, जशा कुटुंब नियोजनाच्या बायका नेतो. ती व्यवस्था सरकारी खात्याला उत्तम जमते, पन्नास वर्षं करत आलो आहोत.

माझ्या नोकरीत अशा बाया आल्या की पाळी जाऊन चार-चार वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, आणि ‘पाळी परत आली’ म्हणून त्यांनी सहा-सहा महिने अंगावर काढलं. सांगायला लाज वाटत नव्हती, त्यांना ते खरंच तसं वाटलं होतं. आल्या तेव्हा कंबर आणि पाय धरले होते. मग बार्शीला नाहीतर सोलापूरला शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला नेलं. त्यांतल्या एकीनं मला विचारलं होतं, ‘बाई, तुम्ही दर महिन्याला वस्तीवर येत होता, मला आधी का नाही तपासलं?’ तिच्या उपकेंद्रात तेव्हा तपासणीचं टेबल नव्हतं. आज बऱ्याच ठिकाणी टेबल आहे.

म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. गेल्या वर्षात तीस वर्षांवरच्या किती बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी प्रत्यक्षात झाली, उपकेंद्रानुसार? दोष सापडलेल्यांपैकी कितींचा उपचार पुरा झाला? आणि ट्रूनॅटवर एचपीव्हीच्या चिप्स घ्यायला ह्या वर्षी तरतूद आहे का? आपल्या वार्ताहरांनीही हेच प्रश्न विचारावेत. लस किती मुलींना दिली याचे आकडे रोज छापून येतील, त्यांच्या शेजारी हेही आकडे यावेत.

वाचक भगिनींना एवढंच सांगते की वय तीस ते पासष्ट असेल आणि ही तपासणी कधी झाली नसेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात जाऊन ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी करायची आहे’ असं स्पष्ट सांगा. पाळी सुरू असताना जाऊ नका, बाकी कोणताही दिवस चालतो. मुलींची लस झाली असेल तरी तिशीनंतर त्यांनाही तपासणी लागेल, कारण लस ह्या विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही. आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त दिसलं, किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
जि. धाराशिव